ईबीसी ट्रेक: पोर्टरची जबाबदारी नक्की कुणाची? कंपनीला काय विचारावं?

सह्यवेडी_ठाणे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचं ठरतंय. आमचा सात जणांचा ग्रुप, सगळे सह्याद्रीत भटकणारे, दोघं हिमालयात आधी जाऊन आलेत. मुंबई-पुण्याच्या तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवली. लुक्ला, फाकडिंग, नामचे, टेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप आणि परत, तिन्हींची इटिनररी कॉपी पेस्ट वाटावी इतकी सारखी, पण पैशात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात पंधरा-सोळा हजारांचा फरक. तो कशाचा म्हणून स्वस्तवाल्याला फोन केला. बाकी सगळं ठीक बोलला, मग म्हणाला पोर्टर इन्क्लूडेड आहे, दोघांत एक, प्रत्येकाने १५ किलोपर्यंत डफल द्यायची. म्हणजे ३० किलो झाले. मी सहज विचारलं, मग त्याचं स्वतःचं सामान कुठे जातं? तर हसला. "मॅडम ती तिकडचीच लोकं असतात, सवय असते त्यांना, तुम्ही तुमचा फिटनेस बघा." इन्शुरन्सचं विचारलं तर म्हणे तुमचा आहे ना, हेलिकॉप्टरसकट. म्हटलं माझा नाही, पोर्टरचा. तर "ते काठमांडूची एजन्सी बघते, आमचा त्याच्याशी डायरेक्ट संबंध येत नाही."

हे काही केल्या डोक्यातून जात नाहीये. पैसे मी यांना देणार, पावती यांची, टीशर्टवर लोगो यांचा, बेस कॅम्पला बॅनर धरून फोटो काढायचा तोही यांचाच, आणि माझी बॅग वाहणाऱ्याशी यांचा संबंध नाही?

तर जाऊन आलेल्यांनी सांगा, पोर्टरचं वजन, विमा, कपडे, राहणं याला काही नियम आहेत का आणि बुकिंगच्या आधी इथे बसून हे तपासायचं कसं? आणि कायद्याचं कळणारं कुणी असेल तर, इथल्या कंपनीला असे हात वर करता येतात का? "पोर्टर नका घेऊ, स्वतःची बॅग स्वतः उचला" हा सल्ला कृपया नको, ग्रुपमध्ये साठीचे दोघं आहेत.

---

रानभैरी

चांगला धागा काढलास. याबद्दल लोक ट्रेकला जाऊन आल्यावर बोलतात, जायच्या आधी कुणी विचारत नाही.

पहिलं म्हणजे लुक्ला सोडलं की वाटेत तुला दोन प्रकारचे भरिया, म्हणजे ओझं वाहणारे, दिसतील. एक मालवाहू. पाठीवर डोको म्हणजे टोपली, त्याचा पट्टा म्हणजे नाम्लो कपाळावर, हातात टी आकाराची आखूड काठी, तिला टोक्मा म्हणतात. दमला की डोको खाली उतरवत नाही, टोक्मा मागे टेकवून त्यावर भार देतो आणि उभ्या उभ्याच दम खातो. प्लायवूड, बिअरचे खोके, गॅस सिलिंडर, काय वाट्टेल ते नेतात, ६०-७० किलो सहज. त्यांना किलोवर पैसे मिळतात आणि ते लॉजवाल्यांचं, दुकानदारांचं काम करतात. आपले लोक त्यांचे फोटो काढून "रिअल हीरो" टाकतात. आपल्या डफल्या नेतो तो ट्रेकिंग पोर्टर वेगळा, दिवसाच्या मजुरीवरचा. कंपनीवाले "सवय असते" म्हणताना पहिल्याचं उदाहरण दुसऱ्याला लावतात.

आणि सवय कसली? पोर्टर म्हणजे शेर्पा असं आपण धरून चालतो. बरेचसे राई, तामाङ असतात, ओखलढुंगा, खोटाङसारख्या खालच्या जिल्ह्यांतले, घरी शेती, सीझनला वर येतात. ३००० मीटरच्या वर गेलं की विरळ हवा त्यांना पण लागते. फुप्फुसात पाणी होणं, मेंदूला सूज येणं हे त्यांनाही होतं, उलट आपल्यापेक्षा लवकर, कारण ते ओझं घेऊन आपल्या पुढे पळत असतात आणि डोकं दुखतंय म्हटलं तर दिवस बुडेल म्हणून गप्प बसतात.

नियमांचं म्हणशील तर इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप, आयपीपीजी, यांची पाच साधी तत्त्वं आहेत, नेटवर सापडतील. ओझ्याची कमाल मर्यादा नेपाळात ३० किलो, पाकिस्तान आणि पेरूमध्ये २५, किलिमांजारोवर २०. ही वरची मर्यादा आहे हं, आणि उंची, वाट, हवामान बघून ती कमी करायची असंही पुढे लिहिलंय, ते वाक्य सगळे विसरतात. सीझनला आणि उंचीला साजेसे कपडे कंपनीने द्यायचे. झाडोरा संपला की त्याच्या वर पोर्टरला झोपायला स्वतंत्र जागा हवी, लॉजमध्ये खोली नाहीतर तंबू. ट्रेकर्सच्या मेस टेंटमध्ये झोपतील हे चालत नाही, कारण आपण रात्री उशिरापर्यंत तिथे पत्ते कुटत बसतो आणि ते बाहेर ताटकळतात. विमा हवा, आणि उपचार आपल्याला मिळतात त्याच दर्जाचे.

पाचवं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजारी पडलेल्या पोर्टरचा हिशोब करून त्याला एकट्याला खाली पाठवायचं नाही. त्याची भाषा येणारा माणूस बरोबर द्यायचा, काय होतंय त्याची चिठ्ठी द्यायची, खर्चाला पुरेसे पैसे द्यायचे. हे न केल्याने माणसं मेलीत, त्यातूनच ही तत्त्वं आली.

हे मी डिंगबोचेला डोळ्यांनी बघितलंय. रोज रात्री जेवणाच्या टेबलावर आमचा लीडर ऑक्सिमीटर फिरवायचा, प्रत्येकाचा आकडा वहीत. कुणाचा ७८ आला की बिचाऱ्याचा चेहरा पडायचा, मग लसूण सूप, मग सगळ्यांचे सल्ले. पोर्टर त्याच हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले, त्यांच्या बोटाला ते क्लिप एकदाही लागलं नाही. त्यातला एक पोरगा दुपारपासून खोकत होता. सिरदार, म्हणजे पोर्टर-गाईडचा मुख्य, त्याला पैसे देऊन सकाळी लुक्लाकडे रवाना करणार होता, एकट्याला. आमच्यात एक डॉक्टर बाई होत्या म्हणून, त्यांनी ऑक्सिमीटर मागून घेतला, त्याच्या बोटाला लावला आणि कुणाशी काही न बोलता उठून जाकीट घालायला लागल्या. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, डिंगबोचेहून मधली धार ओलांडली की खाली. रात्रीच नेलं त्याला, दोन पोर्टर आणि त्या बाई. वाचला. बाई ग्रुपमध्ये नसत्या तर काय झालं असतं ते तुम्हीच समजा.

तेव्हा कंपनीला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचार: पोर्टर आजारी पडला तर काय करता? जो अडखळेल त्याच्याबरोबर जाऊ नको.

---

रोखठोक_कोल्हापूर

वाचायला छान आहे सगळं. पण जरा जमिनीवर या. त्या माणसाला गावात काम नाही म्हणून तो येतो. तुम्ही ३० चे २० किलो करा म्हणाल तर तोच म्हणेल साहेब मला ३० द्या आणि पैसे वाढवून द्या. कंपनीवर अटी घातल्या की रेट वाढतात, रेट वाढले की गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी की पोर्टर घरी. भलं करायला गेलात आणि त्याची रोजी घालवलीत.

आणि मार्केट यार्डात आपला हमाल ५० किलोचं पोतं पाठीवर घेतो तिथे कुणी धागा काढत नाही. नेपाळचा पोर्टर फोटोत चांगला दिसतो म्हणून कळवळा.

---

सह्यवेडी_ठाणे

@रोखठोक रेट वाढू देत की, मी तर वाढीव द्यायला तयार आहे, फक्त वाढीव पैसे त्याच्यापर्यंत जातात का एवढंच कळायचंय. तिथेच तर घोडं अडलंय.

---

वहीखाते

@रोखठोक, उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. आजोबा पुण्यात भुसार बाजारात हमाल होते म्हणून लिहितो. पोतं ५० किलोचं आहे म्हणालात, ते आधी १०० किलोचं असायचं, हमालांनी भांडून खाली आणलं. आणि "हमाल आमचा नाही, टोळीवाल्याचा आहे" हेच त्या वेळी व्यापारी म्हणायचे, शब्दसुद्धा तेच. म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, मालक ठरवायचा कोण? तर बोर्ड केलं, हमालाची नोंद बोर्डाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम बोर्डात भरायची, त्यातून फंड, बोनस, दवाखाना. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांनी आयुष्य घातलं त्यात. तिथेही आज बोगस माथाडी, खंडणी सगळं आहे, नाही म्हणत नाही. पण अटी घातल्या म्हणून पुण्यातला बाजार बंद पडला नाही.

---

नाशिकचा_वाटाड्या

मी स्वतः लहान प्रमाणात ट्रेक नेतो, सह्याद्रीत वर्षभर आणि नेपाळला वर्षातून एखादी बॅच. धंद्याच्या बाजूने सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या.

ईबीसीच्या पॅकेजमध्ये पैसे कुठे जातात बघा. लुक्लाचं तिकीट, त्याचा भाव विमान कंपनी ठरवते, तिथे माझी घासाघीस चालत नाही. सीझनला तर फ्लाइट काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री गाडीने तिथल्या मंथली विमानतळाला जायचं, तो खर्च वेगळा. सगरमाथा नॅशनल पार्कची फी, सार्क देशवाल्यांना म्हणजे आपल्याला १५०० नेपाळी रुपये, ती सरकारी. खुंबूचं, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागाचं, स्थानिक परमिट, ते पण ठरलेलं. लॉज आणि जेवणाचे रेट गावागावातल्या कमिट्या ठरवून देतात. मग गिऱ्हाईक मला म्हणालं की समोरचा पाच हजार कमी सांगतोय, तर मी कापू कुठे? कापण्यासारखं उरतं माझं मार्जिन आणि पोर्टर-गाईडची रोजची मजुरी. बस. जिथे जिथे स्वस्त पॅकेज दिसेल तिथे यातलं काहीतरी एक कापलंय हे समजून चाला. आणि कुठला मालक आधी स्वतःचं मार्जिन कापतो सांगा.

दुसरं म्हणजे साखळी. पुण्यातली कंपनी काठमांडूच्या एजन्सीला पर हेड एकरकमी देते. एजन्सी गाईडला, गाईड लुक्लाला उतरून तिथल्या ओळखीच्या नायकेला, म्हणजे पोर्टर पुरवणाऱ्या मुकादमाला, सांगतो की उद्या चार माणसं पाहिजेत. पोर्टर कोण हे खूपदा आदल्या संध्याकाळी ठरतं. त्यामुळे "आमच्या सगळ्या पोर्टर्सचा विमा आहे" असं कुणी जानेवारीत छातीठोक सांगत असेल तर विचारा, कुणाच्या नावावर? नाव माहीत नसलेल्या माणसाचा विमा कसा उतरवला?

नेपाळात कायदा नाही असं अजिबात नाही. त्यांच्या २०१७ च्या श्रम कायद्यात मालकाने कामगाराचा अपघात विमा काढायचाच आहे, किमान ७ लाख नेपाळी रुपयांचा. अडचण अंमलाची. आणि मधल्या नायकेला मालक म्हणायचं की एजन्सीला, यात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

टिपबद्दल पण बोलतो. काही कंपन्या सरळ टिपच्या भरवशावर मजुरी कमी ठेवतात. "शेवटी तुम्ही टिप देणारच" म्हणून. टिप खुशीची असते, तिला पगारात धरायचं नाही.

मी काय करतो विचाराल तर, डफल १० किलोची. लुक्लाच्या विमानात तसंही १५ किलोच चालतं हँडबॅग धरून, मग १५ ची डफल देता कशाला? दोघांच्या दोन डफल्या २० किलो, त्यावर पोर्टरचं स्वतःचं चार-पाच. यात मला एक पैसा जास्त लागत नाही, फक्त लोकांना तिसरी जीन्स आणू नका सांगावं लागतं आणि ते एव्हरेस्ट चढण्यापेक्षा अवघड आहे 😄

---

मोशीकर

मी टांझानियात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे, किलिमांजारो खिडकीतून दिसतो. आपले मराठी ग्रुप इथे भरपूर येतात, २६ जानेवारी, १५ ऑगस्टला तर शिखरावर तिरंगा आणि भगवा दोन्ही असतात. इथलं थोडं सांगते कारण जे तिकडे नाहीये ते इथे बऱ्यापैकी उभं राहिलंय.

मोशी गावात किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टचं ऑफिस आहे, सगळे केपॅप म्हणतात. २००३ पासून आहे. ज्या कंपन्या त्यांच्या पार्टनर व्हायला तयार असतात त्यांची यादी ते जाहीर करतात. पण नुसतं सही करून पार्टनर होता येत नाही. प्रत्येक चढाईत त्या टीममधल्याच एका पोर्टरकडून ते नंतर माहिती घेतात, जेवण किती वेळा मिळालं, तंबूत किती जण कोंबले, ओझं किती होतं, मजुरी खरंच हातात आली का, टिप कशी वाटली. कंपनीने ऑफिसात बसून भरलेला फॉर्म कुणी विचारत नाही. मला हे फार आवडलं कारण आपल्याकडे ऑडिट म्हणजे ज्याचं ऑडिट त्यालाच विचारायचं.

गेटवर वजनकाटा असतो, २० किलोची मर्यादा. तरी पळवाटा काढतातच, गेट ओलांडलं की दोघांचं ओझं एकाच्या डोक्यावर आणि एक परत, म्हणजे एकाची मजुरी वाचली. शिवाय काही ठिकाणी पोर्टरला टीममध्ये नाव लागावं म्हणून गाईडलाच पैसे चारावे लागतात. हे सगळं केपॅपवाले उघड बोलतात, म्हणून थोडं तरी सुधारतं.

इथे पण स्वस्तातलं गणित @नाशिकचा_वाटाड्या म्हणतायत तेच. पार्कची फी डॉलरमध्ये, दर दिवसाची, शिवाय व्हॅट, ती कुणाला चुकत नाही. मग मुंबईहून कुणी अर्ध्या किमतीत किलिमांजारो देत असेल तर कुठून? माझ्याकडे जेवायला आलेल्या एका ग्रुपचा लीडर मोठ्या अभिमानाने सांगत होता की आम्ही क्रू कमी ठेवतो म्हणून परवडतं. क्रू कमी म्हणजे सामान कमी झालं का हो? मी पोळ्या लाटता लाटता विचारलं, तर विषय बदलला त्याने.

पेरूत इंका ट्रेलवर तर २००१ सालापासून पोर्टरचा स्वतंत्र कायदाच आहे, २० किलोची मर्यादा त्यात आली, आयपीपीजीच्या २५ पेक्षाही कमी. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

---

कलम_दर_कलम

मूळ प्रश्नातला कायद्याचा भाग राहिला म्हणून लिहितो. एका कंपनीत कंप्लायन्समध्ये, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात का ते बघायच्या कामात आहे, हे रोजचं खाणं आहे.

"आमचा डायरेक्ट संबंध नाही" हे उत्तर जगभर दिलं जायचं, कापडवाले द्यायचे, बूटवाले द्यायचे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जॉन रगी यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात हे उत्तर बाद केलंय. राज्याने हक्कांचं रक्षण करायचं, कंपनीने हक्कांचा आदर राखायचा आणि नुकसान झालं तर दाद मागायला जागा हवी, अशी तीन अंगं. कंपनीची जबाबदारी तिने स्वतः केलेल्या नुकसानीपुरती नाही, तिच्या सेवेशी व्यवसायाच्या नात्याने जोडलेल्या नुकसानीपर्यंत जाते. काठमांडूची एजन्सी म्हणजे नेमकं असं नातं. त्याहून पुढे, तुम्हीच एजन्सीला रेट इतका आवळून दिलात की त्यात पोर्टरचा विमा बसूच शकत नाही, तर तुम्ही नुसते जोडलेले नाही, हातभार लावणारे झालात.

पण हे कायदा म्हणून कोर्टात लागू होत नाही, हे पण स्पष्ट सांगतो. आपल्याकडे २०१९ ची जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नऊ तत्त्वं, पाचवं मानवी हक्कांचं. सेबीने त्यावर आधारित रिपोर्ट पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा केलाय. तुझी ट्रेक कंपनी बहुधा प्रोप्रायटरशिप नाहीतर छोटी प्रायव्हेट लिमिटेड, ती त्यात कुठेच येत नाही. जर्मनीत २०२३ पासून सप्लाय चेनचा कायदा लागू आहे, तोही मोठ्या कंपन्यांनाच.

प्रवास धंद्यात हे कुणी मनावर घेतलं का? कुओनी या स्विस टूर कंपनीने घेतलं होतं. २०१२ मध्ये केनियात आणि २०१४ मध्ये भारतात, त्यांच्या टुरिझममुळे स्थानिक लोकांच्या हक्कांवर काय परिणाम होतात त्याचा अभ्यास करून रिपोर्ट जाहीर केला. तेव्हा आपली एसओटीसी त्यांच्याकडे होती. पुढे कुओनीने टूरचा धंदाच विकून टाकला, २०१५ मध्ये भारतातला भाग थॉमस कुक इंडियाने घेतला.

तेव्हा सध्या तरी हातात राहतो तो तुझा आणि कंपनीचा करार. ईमेलवर लेखी विचार, लेखी उत्तर घे. फोनवरच्या "हो मॅडम, सगळं कव्हर्ड आहे" ला शून्य किंमत.

---

रोखठोक_कोल्हापूर

माथाडीचा मुद्दा मान्य. पण तो कायदा हमालांनी आणि त्यांच्या युनियनने आणला, गिऱ्हाइकाने नाही. पोर्टरची युनियन काय करते मग?

---

रानभैरी

@रोखठोक युनियन आहेत नेपाळात, ३० किलोची मर्यादा युनियन आणि ट्रेकिंग एजन्सीवाल्यांच्या वाटाघाटीतूनच पक्की झाली. आणि बोलायची वेळ आली की बोलतात. १८ एप्रिल २०१४ ला खुंबू आइसफॉलवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने घरच्यांना तातडीची मदत जाहीर केली ४०,००० नेपाळी. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, म्हणजे आपले २५,०००. शेर्पांनी कामच थांबवलं, त्या वर्षी नेपाळच्या बाजूचा सीझन गुंडाळावा लागला, आणि मग उंचीवरच्या कामगारांचा विमा १० वरून १५ लाख नेपाळी झाला. फक्त तो मोहिमांवरच्या लोकांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात अन्नपूर्णा भागातल्या थोरोंग ला खिंडीच्या वादळात ४० हून जास्त माणसं गेली, त्यात पोर्टर आणि गाईड पण होते, ती बातमी आपल्याकडे ट्रेकर्सपुरतीच आली.

शेर्पा एकजुटीने बसू शकतात, त्यांच्याशिवाय एव्हरेस्ट होत नाही. सीझनपुरता आलेला खोटाङचा पोरगा एकटा काय बसणार, त्याची जागा घ्यायला मागे दहा जण उभे असतात.

---

नेरळ_लोकल

एवढं लांब कशाला, माथेरानला या. हातरिक्षा माणसाने ओढायची, चढावर पुढून एक आणि मागून ढकलायला दुसरा, आत बसलेला पर्यटक मोबाईलवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचं खंडपीठ होतं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या म्हणाले. इतकी वर्षं हॉटेलवाले स्टेशनपासून गेस्टला त्याच रिक्षातून बोलवून घेत होते, त्यातल्या कुणाला कधी वाटलं नाही की यात आपलं काही देणं लागतं. ई-रिक्षा आल्यावर मात्र ती कुणाला मिळणार यावर परत कोर्ट.

---

सह्यवेडी_ठाणे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. अपडेट देते.

तिन्ही कंपन्यांना एकच ईमेल पाठवला. पोर्टरमागे कमाल किती किलो आणि त्यात त्याचं सामान धरलंय का, विमा कुणाच्या नावावर आणि पॉलिसीची प्रत, लोबुचे-गोरक्षेपला तो झोपतो कुठे, कपडे-बूट कोण देतं, आजारी पडला तर काय, आणि दिवसाची मजुरी त्याच्या हातात किती पडते.

स्वस्तवाल्याचं उत्तर नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅम अर्ली बर्ड उद्यापर्यंतच आहे". मधल्याने पॉलिसी पाठवली, बघितली तर त्यात एजन्सीच्या ऑफिस स्टाफची आणि दोन गाईडची नावं, पोर्टर एकही नाही. तसं कळवलं तर म्हणे ते ट्रेकच्या वेळी अ‍ॅड होतात, आता मी अ‍ॅड झालेल्याची प्रत मागितलीये. तिसरा, सगळ्यात महाग, त्याने फोन केला आणि सरळ सांगितलं की झोपायचं आम्ही एजन्सीवर सोडलंय, विचारून कळवतो. दोन दिवसांनी कळवलं, गोरक्षेपला पीक सीझनमध्ये पोर्टर डायनिंग हॉलमध्येच झोपतात, खोल्या नसतात, पण मॅट्रेस-ब्लँकेटचे पैसे आम्ही लॉजला देऊ आणि रात्री हॉल वेळेत रिकामा करायला आमच्या लोकांना सांगू. आजारपणाचं उत्तर मात्र त्याने लेखी दिलं, खाली सोडायला दुसरा माणूस बरोबर आणि मजुरी कापणार नाही. परफेक्ट नाही, पण माणूस विचारून आला.

ग्रुपमध्ये अर्थातच वाजलं. एकाचं म्हणणं एवढ्या पैशात अन्नपूर्णा पण होईल. १० किलोच्या डफलवर सगळे तयार झाले, एक जण सोडून, तो डीएसएलआर आणि ड्रोन म्हणतोय. त्याला स्वतःच्या पाठीवर घे म्हटलंय. ड्रोनला तिथे परवानगी लागते हे कळल्यावर तो आपोआपच हलका होईल असं वाटतंय.

एकच राहिलं, टिप कशी द्यायची? तिसरावाला म्हणतो आमच्याकडे जमा करा, आम्ही वाटतो.

---

नाशिकचा_वाटाड्या

जमा करू नका. लुक्लाला परत आल्यावर शेवटच्या संध्याकाळी द्या, सगळ्यांच्या समोर, एकेकाला नावाने बोलवून पाकीट त्याच्या हातात. गाईडला वेगळं, पोर्टरला वेगळं. गाईडकडे एकगठ्ठा दिलं की पोर्टरला काय पोचलं ते देवालाच माहीत. ड्रोनची परवानगी पण लवकर बघा, तिथे ऐन वेळी मिळत नाही.

आणि पोर्टर मधूनच आजारी पडून परत गेला असेल तर त्याचं पाकीट विसरू नका, गाईडकडून त्याचा फोन नंबर आणि ई-सेवा वॉलेटचा नंबर घेऊन ठेवा, काठमांडूहून कुणालाही सांगून पाठवता येतं.

---

मोशीकर

आणि नेपाळी रुपये सुट्टे करून न्या, नामचेला एटीएम आहे पण त्याच्या भरवशावर सात जणांची टिप ठेवू नका.